ऑनलाइन चर्चा, राजकारण आणि माध्यमांवरचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. त्यामुळे समारंभात, प्रवासात, कुठेही ओळख झाली की लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न बहुधा आरोपच असतो, म्हणून तो आधी घेतो.

तुम्ही पत्रकार विकले गेलात, म्हणून लोक ऑनलाइन गेले. खरं ना?

अर्धं खरं. गॅलप ही संस्था १९७०च्या दशकापासून अमेरिकेत लोकांना विचारत आली आहे की वृत्तपत्रं, टीव्ही आणि रेडिओ बातम्या पूर्ण, अचूक आणि निष्पक्ष देतात यावर तुमचा कितपत भरवसा आहे. १९७६ मध्ये ७२ टक्के लोकांनी ‘खूप’ किंवा ‘बऱ्यापैकी’ असं उत्तर दिलं होतं. २०२४ मध्ये ३१ टक्क्यांनी दिलं. आकडा धक्कादायक आहे, पण मधले टप्पेही बघा. १९९७ मध्येच तो ५३ वर आला होता आणि २००४ मध्ये ४४ वर. फेसबुक सुरू झालं २००४च्या फेब्रुवारीत, तेही एका विद्यापीठापुरतं. ट्विटर २००६ मध्ये आलं. म्हणजे भिंतीला ओल आधीच धरली होती. ऑनलाइन चर्चेमुळे पोपडे पडताना सगळ्यांना दिसले एवढंच.

ओल कुठून आली? थोडी बाहेरून, पण बरीचशी आतून. न्यूयॉर्क टाइम्सनं २००३च्या मे महिन्यात पहिल्या पानावरून भलामोठा वृत्तांत छापला आणि आपल्याच एका बातमीदारानं कित्येक बातम्या घरबसल्या रचल्याचं कबूल केलं. वर्षभरानं, २६ मे २००४ रोजी, त्याच वृत्तपत्रानं इराकमधल्या संहारक शस्त्रांविषयीच्या आपल्या बातम्या पुरेशा तपासल्या नव्हत्या हेही मान्य केलं. त्या बातम्यांमधल्या काही पहिल्या पानावर झळकल्या होत्या. कबुली आली दहाव्या पानावर.

बाकी ‘विकले गेलात’ म्हणाल, तर छोट्या जाहिराती इंटरनेटवर निघून गेल्या आणि वृत्तपत्रांचं बिनबोभाट येणारं उत्पन्न आटलं. उत्पन्न आटलं की बातमीदार कमी होतात, आणि मग उरलेल्यांना कुणाचा तरी फोन टाळणं अवघड जातं. त्याला विकलं जाणं म्हणायचं की लाचार होणं, हे तुम्ही ठरवा.

चुका पूर्वीही व्हायच्याच. मग आताच एवढा बभ्रा का होतो?

कारण पूर्वी चूक आमच्या ताब्यात असायची. मी नोकरीला होतो त्या दैनिकात एकदा निवडणूक निकालाच्या तक्त्यात एक रकाना सरकला आणि पडलेला उमेदवार कागदावर निवडून आला. सकाळी नऊच्या आत फोन सुरू झाले. आधी शिपायानं घेतले, मग मी, मग वृत्तसंपादकांनी. ठरलं काय, तर ‘उद्या खुलासा टाकू’. दुसऱ्या दिवशी ऐन वेळी जाहिरात आली आणि खुलासा राहिला. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली एक ओळ छापली: ‘अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ कोणती चूक, ते लिहिलंच नव्हतं. ज्याला ती ठाऊक होती त्याला तो खुलासा वाकुल्या दाखवत होता आणि ज्याला ठाऊक नव्हती त्याला काहीच बोध होत नव्हता. आम्हाला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही.

आज तोच तक्ता छापला गेला तर चहा निवायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट हजार ग्रुपवर फिरेल. सोबत निवडणूक आयोगाचा खरा तक्ता असेल, आणि आम्ही कुणाकडून किती पैसे घेतले याचा तपशीलही असेल. शेवटचा भाग मनचा. पहिले दोन मात्र बिनचूक.

या बदलाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सीबीएस या अमेरिकी वाहिनीचं. ८ सप्टेंबर २००४ रोजी तिनं अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या तरुणपणच्या सैनिकी सेवेवर कार्यक्रम दाखवला आणि पुराव्यादाखल १९७०च्या दशकातले म्हणून काही कागद पडद्यावर आणले. त्याच रात्री एकानं ऑनलाइन लिहिलं की ही अक्षरं टाइपरायटरची नाहीत. बहुतेक टाइपरायटरांवर बारीक ‘आय’ला आणि रुंद ‘एम’ला सारखीच जागा मिळते. या कागदांवर ती अक्षराच्या रुंदीप्रमाणे कमीजास्त होती, संगणकावर असते तशी. दिवसभरात शेकडो लोक ते कागद भिंगाखाली घालून बसले. वाहिनी आधी ठाम राहिली आणि बारा दिवसांनी नमली. कागद अस्सल असल्याचं सिद्ध करता येत नाही, असं तिनं २० सप्टेंबरला जाहीर केलं. हा कार्यक्रम सादर करणारे डॅन रादर यांनी पुढच्या मार्चमध्ये वाहिनीच्या बातमीपत्राची खुर्ची सोडली.

यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पहिली शंका काढणारा माणूस छपाईतला जाणकार नव्हता. तो बुश यांच्याच पक्षाचा कार्यकर्ता असलेला वकील होता. हेतू राजकीय होता, तरी मुद्दा तपासण्याजोगा निघाला. डेस्कवर आमची रीत नेमकी उलटी होती: फोन करणारा कोणत्या गोटातला ते आधी हेरायचं आणि त्यावरून त्याचं ऐकायचं की नाही ते ठरवायचं.

मग ऑनलाइन जमणारे लोकच पत्रकारांपेक्षा बरे म्हणायचे?

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर हजारो लोक गर्दीचे फोटो न्याहाळत संशयित शोधू लागले. पोलिसांनी संशयितांचे धूसर फोटो प्रसिद्ध केल्यावर कुणाला तरी त्यातला एक चेहरा महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्यासारखा वाटला. रातोरात त्याचं नाव जगभर गेलं आणि काही नावाजलेल्या पत्रकारांनीही ते पुढे ढकललं. त्याच्या घरच्यांवर शिव्यांचा भडिमार झाला. त्या मुलाचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेहच सापडला. रेडिटनं जाहीर माफी मागितली. जुनी माध्यमंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्याच आठवड्यात एका टॅब्लॉइडनं दुसऱ्याच दोन निरपराध तरुणांचा फोटो पहिल्या पानावर छापला होता.

आता दुसरी बाजू. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर एमएच१७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २९८ माणसं मेली. एलियट हिगिन्स या ब्रिटिश ब्लॉगरनं त्याच महिन्यात सुरू केलेल्या बेलिंगकॅट या गटानं स्थानिक लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ गोळा केले. रस्त्याकडेची झाडं, जाहिरातींचे फलक आणि सावल्यांची दिशा उपग्रहाच्या चित्रांशी ताडून क्षेपणास्त्राचा ट्रक कुठून कुठे गेला ते त्यांनी जुळवलं. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकानंही ते क्षेपणास्त्र रशियाच्या ५३व्या विमानविरोधी ब्रिगेडचं होतं असाच निष्कर्ष काढला.

दोन्हीकडे साधीच माणसं होती आणि हातात फोटोच होते. बॉस्टनच्या वेळी चेहरा आधी ठरला आणि मग तो फोटोत दिसू लागला. युक्रेनच्या वेळी प्रत्येक पायरी मांडून ठेवली होती आणि कुणालाही ती पुन्हा करून बघता येत होती. मी आता बातमी वाचताना हेच शोधतो. लिहिणारा पत्रकार आहे की हौशी, याचं मला पूर्वीइतकं अप्रूप राहिलेलं नाही.

ऑनलाइन बोलण्यानं सत्ता बदलल्याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

एकट्या बोलण्यानं बदलल्याचं नाही. पण काटा झुकत असताना बोट लावल्याची उदाहरणं आहेत.

दक्षिण कोरियात २००० साली ओमायन्यूज हे ऑनलाइन वृत्तपत्र सुरू झालं. ‘प्रत्येक नागरिक बातमीदार’ हे त्याचं ब्रीद. तिथली तीन बडी दैनिकं पुराणमतवादी होती. २००२च्या डिसेंबरात अध्यक्षपदाच्या मतदानाच्या आदल्या रात्री उदारमतवादी उमेदवार रोह मू-ह्यून यांना पाठिंबा दिलेल्या नेत्यानं तो अचानक काढून घेतला. सकाळच्या छापील अंकावर विसंबलेल्या जगात खेळ तिथेच संपला असता. पण रात्रभर ऑनलाइन आणि मोबाइलवर निरोप फिरत राहिले आणि तरुण मतदार बाहेर पडले. रोह जिंकले. निवडून आल्यावर त्यांनी पहिली खास मुलाखत दिली ती ओमायन्यूजला. बड्या दैनिकांना जे समजायचं ते समजलं.

स्पेनमधल्या माद्रिदचं उदाहरण मोबाइल संदेशांचं आहे. ११ मार्च २००४ रोजी तिथल्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९०हून अधिक लोक मेले. सरकार बास्क फुटीरवाद्यांकडे बोट दाखवत राहिलं, पुरावे मात्र इस्लामी दहशतवाद्यांकडे निर्देश करत होते. १३ तारखेच्या संध्याकाळी ‘पुढे पाठवा’ अशा शेपटीचे छोटे संदेश फिरले आणि सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर गर्दी जमली. १४ तारखेच्या निवडणुकीत सरकार हरलं. लोक स्फोटांमुळे बदलले, सरकारच्या लपवाछपवीमुळे की संदेशांमुळे, यावर अभ्यासक अजून भांडतात. लपवाछपवी नसती तर संदेशांना धार आली नसती, असं मला वाटतं.

इजिप्तची कथा लोक नेहमी अर्धीच सांगतात. २०११च्या जानेवारीत निदर्शनांचं आवाहन फेसबुकवरून झालं, हे खरं. पण २८ जानेवारीला सरकारनं इंटरनेट बंद पाडलं आणि तरी रस्त्यावरची गर्दी हटली नाही. अध्यक्ष होस्नी मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाले. पुढच्या वर्षी निवडणूक कुणी जिंकली? १९२८ पासून गल्लोगल्ली माणसं जोडत आलेल्या मुस्लीम ब्रदरहूडनं. ऑनलाइन चर्चेनं चौक भरला, पण मतपेटीपर्यंत माणसं नेण्याचं काम जुन्या संघटनेनंच केलं.

खोटी बातमी खऱ्यापेक्षा वेगानं का पसरते?

‘सगळा बॉट्सचा, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणाऱ्या यांत्रिक खात्यांचा खेळ’ हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात आपला दोष नसतो. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० गोष्टी त्यांनी तपासल्या. त्या सुमारे ३० लाख लोकांनी पुढे ढकलल्या होत्या. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्याला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागला. बॉट्स वगळून पाहिलं तरी निष्कर्ष तोच राहिला.

कारण त्यांच्या मते नावीन्य. खोट्याला घडलेल्या गोष्टीचं बंधन नसतं, त्यामुळे ते ऐकणाऱ्याच्या मनाजोगं घडवता येतं. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्याला आधी ‘ध’ तरी लागला होता. आता तेवढाही लागत नाही.

शिकलेली माणसंही फॉरवर्डवर विश्वास कसा ठेवतात?

माझे एक काका आहेत. आयुष्यभर हिशेबतपासणी केली, पावतीशिवाय कुणाला पैसा दिला नाही. घरच्या ग्रुपवर मात्र ते दिवसाला आठ-दहा फॉरवर्ड टाकतात. एकदा मी विचारलं, ‘काका, हे कुठे छापून आलंय?’ त्यांचं उत्तर: ‘अरे, सदानं पाठवलंय. तो कशाला खोटं बोलेल?’

सदा खोटं बोलत नव्हताच. त्याला दुसऱ्या कुणीतरी पाठवलं होतं, तोही सज्जनच. या साखळीतल्या प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या माणसाला तोलून पाहिलं, मजकुराला कुणीच नाही. पूर्वी विश्वास वृत्तपत्राच्या नावावर असायचा, आता तो पाठवणाऱ्याच्या नावावर आहे. वृत्तपत्र निदान पत्ता छापतं, त्यावर खटला भरता येतो. सदावर कोण खटला भरणार?

अडथळा घातला की फरक पडतो, हेही दिसलंय. व्हॉट्सअॅपनं २०१९ मध्ये एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जगभर लावली. एप्रिल २०२० मध्ये खूपदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. लोक पाठवण्याआधी शहाणे झाले नव्हते, फक्त बोटांना श्रम पडू लागले.

प्रत्येक बाजूला माध्यम आपल्याच विरोधात का वाटतं?

१९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२च्या बैरुतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाविषयीच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या. पहिल्या गटाला त्या इस्राएलविरोधी वाटल्या, दुसऱ्याला इस्राएलधार्जिण्या. शिवाय विषयाची माहिती जितकी जास्त, तितका पक्षपातही जास्त दिसला. आपला तो बाब्या हे ठाऊक होतं, पण अभ्यासू माणूस यात जास्त अडकतो हे मला नवं होतं. तेव्हा हा संशय ज्याच्या त्याच्या मनात राहायचा. आता तो पोस्ट होतो, खाली दोनशे लोक ‘अगदी बरोबर’ लिहितात आणि संशयाचा पुरावा होतो.

विरुद्ध मतं वाचली तर माणूस मवाळ होतो का?

दरवेळी नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत काही ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूच्या पोस्ट वाचायला लावलं. रिपब्लिकन मंडळी आणखी कडवी झाली. डेमोक्रॅटही थोडे आपल्याच बाजूला आणखी सरकले, पण तो फरक नगण्य होता. विरुद्ध बाजू म्हणून आपल्यासमोर येते ती बहुधा तिच्यातली सर्वांत भांडकुदळ माणसं, हेही लक्षात घ्या.

नेत्यांना याचा फायदा झाला की तोटा?

फायदाच. पूर्वी नेत्याला लोकांपर्यंत पोहोचायला बातमीदार लागायचा आणि बातमीदार प्रश्न विचारायचा. आता नेता स्वतः पोस्ट टाकतो आणि बातमीदार ती पोस्ट उतरवून घेतो. ‘अमुक यांचं ट्वीट, तमुक यांचं प्रत्युत्तर’ या बातमीत मधले प्रश्न गायब असतात. यात आमचा आळसही आहे. पोस्टची बातमी दहा मिनिटांत होते, चौकशीची चार दिवसांत.

नेत्यांपेक्षाही ज्यांच्या हाती ही यंत्रं आहेत त्यांची मला जास्त काळजी वाटते. २०१०च्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी फेसबुकनं ६ कोटींहून अधिक लोकांना मतदानाची आठवण आणि मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले. त्यामुळे सुमारे ३,४०,००० जादा मतं पडली, असा अंदाज २०१२ मध्ये नेचर या नियतकालिकात छापून आला. काम चांगलंच होतं. पण ही आठवण एकाच बाजूच्या लोकांना दाखवली, तर ते कळायचं कुणाला?

ऑनलाइन चर्चा सभ्य होऊच शकत नाही का?

होऊ शकते, पण रचना तशी हवी. तैवानमध्ये २०१५ साली उबरला परवानगी द्यावी की नाही यावर ‘पोलिस’ नावाच्या प्रणालीवर जाहीर चर्चा झाली. (आपल्या खाकी पोलिसांशी संबंध नाही.) तिथे कुणीही एखादं विधान लिहावं, इतरांनी त्यावर ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पुढे’ म्हणावं. उत्तर देण्याची सोयच नाही. त्यामुळे भांडण पेटायला जागा राहत नाही. दोन्ही गटांना मान्य असलेली विधानं वर येतात. वाहनांचा विमा, चालकांची नोंदणी अशा गोष्टींवर टॅक्सीवाले आणि उबरवाले बरेचसे एक निघाले, आणि नंतरच्या नियमांत त्याचा उपयोग झाला.

डीपफेकमुळे आता सगळंच संपलं का?

एआयनं बनवलेला असा खोटा व्हिडिओ बऱ्याचदा पकडता येतो. खरा व्हिडिओ समोर आला की ‘हा एआयनं बनवलाय’ म्हणून हात झटकणं मात्र फार सोपं झालं आहे.

मग बातमी खरी की खोटी ते ओळखायचं कसं?

पानाकडे टक लावून बसू नका. स्टॅनफर्डच्याच काही संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं जोखायला दिली. प्राध्यापक पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि देखण्या मांडणीला, भारदस्त नावाला फसले. तपासनिसांनी काही क्षणांतच ते पान सोडलं, नवीन टॅब उघडले आणि या लोकांबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. ते लवकर आणि बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले. मुलगी सांगून आली की आपण तिच्या घरच्यांनाच तिचा स्वभाव विचारत नाही, शेजारीपाजारी चौकशी करतो. तसंच हे.

चुकीचं फॉरवर्ड टाकणाऱ्याला ग्रुपवर सांगावं की खासगीत?

मी एकदा काकांना सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. बातमी खोटी असल्याचा दुवाही टाकला. दोन तास ग्रुपवर सामसूम. मग आत्यानं सुप्रभातचं फूल टाकलं आणि विषय बुडाला. काका महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

पुढच्या वेळी मी फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, मग म्हणालो, ‘काका, त्या आकड्याची पावती मिळेल का?’ ते हसले. ‘सदाला विचारतो,’ म्हणाले. सदाकडे पावती नव्हती. काकांनी तो संदेश काढला नाही, पण खाली लिहिलं: ‘वरील माहितीची खात्री झालेली नाही.’ त्याच ग्रुपवर, त्याच संदेशाच्या खाली, चूक झाल्यापासून पाऊण तासात. आमच्या दैनिकाला यासाठी तीन दिवस आणि शब्दकोड्याखालची जागा लागली होती.

फॉरवर्ड अजून येतात. पण हल्ली आधी मला एकट्याला येतात.